श्रद्धेचा पुरावा मागणारे आगरकर

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या थोर महाराष्ट्रीयाचे चरित्र लिहून द्यावे, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा आमच्या तोंडून गोपाळ गणेश आगरकरांचे नाव निघून गेले. बैठकीत क्षणभर शांतता पसरली. मग एका ज्येष्ठ सभासदांनी हसत हसत विचारले, की ज्या अंकाच्या मुखपृष्ठावर श्रीगजानन विराजमान व्हावयाचे आहेत, त्या अंकात देव मानण्यास तयार नसलेल्या गृहस्थाला आपण कोणत्या पानावर बसविणार? प्रश्न विनोदाने विचारला होता, पण वावगा नव्हता. हिंदुस्थान एअरोनॉटिक्स, एच. एम. टी., टेलिफोन इंडस्ट्रीज अशा कारखान्यांत आणि केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत नोकरीनिमित्त बंगळुरास आलेली आपली मंडळी पन्नास वर्षांपूर्वी एकत्र जमली ती गणेशोत्सवाच्याच निमित्ताने. हा उत्सव चव्हाट्यावर आणला टिळकांनी, १८९३ च्या सुमारास. त्या टिळकांची तसबीर आपल्या सभागृहात आहे. त्यांच्या तरुणपणीच्या जिवलग मित्राची नाही. आम्ही स्वतः दरवर्षी टाळ घेऊन आरतीस उभे राहतो आणि आवाजही बऱ्यापैकी लावतो, हेही येथेच सांगून टाकलेले बरे.

तरीही आगरकरच का, याचे कारण आमच्या नोकरीत आहे. आमची तीस वर्षे केंद्र सरकारच्या लेखापरीक्षणाच्या कामात गेली. या कामात माणूस एकच गोष्ट शिकतो : व्हाउचर दाखवा. समोरचा अधिकारी कितीही सज्जन असो, रक्कम कितीही क्षुल्लक असो, व्हाउचर नाही तोवर खर्च मान्य नाही. सकाळी दहा ते सायंकाळी सहापर्यंत हा नियम पाळणारा माणूस घरी आल्यावर मात्र जन्मपत्रिका, नवस, मुहूर्त यांना व्हाउचर मागत नाही. आम्हीही मागितले नाही. आगरकरांनी मागितले, आणि दिवसाचे चोवीस तास मागितले. त्याची किंमत काय पडली, हे सांगण्यासाठी हा लेख.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी कराडजवळ कृष्णाकाठी वसलेल्या टेंभू या खेड्यात झाला. हे गाव आज उपसा सिंचन योजनेमुळे लोकांच्या तोंडी आहे. आगरकरांमुळे किती जणांस ठाऊक आहे, कोण जाणे. घरची गरिबी इतकी, की शिक्षणासाठी पोरवयातच दुसऱ्यांच्या दारी जाण्याची पाळी आली. कराडात कचेरीतील उमेदवारी झाली, दवाखान्यातील हरकाम्या नोकरी झाली. रत्नागिरीपर्यंत पायी जाऊन शिकण्याचा प्रयत्न झाला आणि आधार न मिळाल्याने परतणे झाले. शेवटी दूर वऱ्हाडात, अकोल्यास, नातेवाइकांच्या आश्रयाने राहून १८७५ साली ते मॅट्रिक झाले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले. तेथे अंगावरचा एकुलता सदरा रात्री धुऊन सकाळी घालीत, ही गोष्ट आपण सर्वांनी शाळेच्या पुस्तकात वाचली आहे. दुर्दैवाने बहुतेकांचा आगरकरांशी परिचय त्या सदऱ्यापाशीच संपतो.

डेक्कन कॉलेजात त्यांच्या हाती मिल्ल आणि स्पेन्सर पडले. तो काळच युरोपात मोठ्या घुसळणीचा होता. डार्विनच्या ग्रंथाला अद्याप वीस वर्षे झाली नव्हती. ईश्वर आहे असेही नाही व नाही असेही नाही, आपणांस ते ठाऊक नाही, एवढेच म्हणणाऱ्यांसाठी हक्स्लेने १८६९ साली एक नवा शब्द काढला. त्यालाच आपण मराठीत अज्ञेयवादी म्हणू लागलो. १८७७ साली क्लिफर्ड नावाच्या तरुण इंग्रज गणितज्ञाने त्याहून पुढे जाऊन असे मांडले, की अपुऱ्या पुराव्यावर एखादी गोष्ट मानणे ही केवळ चूक नव्हे, तो नैतिक दोष आहे. कारण आपली समजूत आपल्यापुरती कधीच राहत नाही, तिचे परिणाम दुसऱ्यांना भोगावे लागतात. क्लिफर्ड दोन वर्षांनी, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी वारला. त्याच सुमारास पुण्याच्या एका वसतिगृहात दम्याने खोकणारा एक विद्यार्थी आपल्या वाटेने त्याच मुक्कामाकडे निघाला होता.

१८७८ साली ते बी.ए. झाले. याच काळात टिळकांची गाठ पडली आणि दोघांनी सरकारी नोकरी न करण्याचा निश्चय केला. मुलगा मोठमोठ्या परीक्षा देतो आहे, आता पांग फिटतील, या आशेवर असलेल्या आईला आगरकरांनी पत्र लिहून कळविले, की मोठ्या पगाराची वाट पाहू नये. पोटापुरते मिळवून उरलेला वेळ आपण लोकांच्या कामी लावणार आहोत. सरकारी पगारावर मुले शिकविलेल्या आमच्यासारख्याला हे पत्र वाचताना मान खाली घालावी लागते. १८८० च्या जानेवारीत चिपळूणकर व टिळकांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले, पुढे एम.ए. होऊन आगरकर त्यात सामील झाले. १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ निघाला व त्याचे पहिले संपादक आगरकर झाले. टिळकांचा केसरी असे म्हणण्याची सवय आपल्याला इतकी जडली आहे, की पहिली जवळजवळ सात वर्षे तो आगरकरांच्या लेखणीने चालला, याचा विसर पडतो.

आता आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यांच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाच्या प्रसंगाकडे येतो. कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांचा छळ होत असून त्यामागे दिवाण माधवराव बर्वे यांचा हात आहे, अशी हाकाटी त्या वेळी महाराष्ट्रभर होती. बर्व्यांच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या काही पत्रांच्या आधारे केसरी व ‘मराठा’ यांनी दिवाणांवर कडक टीका केली. दिवाणांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली आणि ती पत्रे बनावट असल्याचे उघड झाले. दोघा संपादकांनी माफी मागितली. तरी १७ जुलै १८८२ रोजी प्रत्येकी चार महिन्यांची शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले.

या प्रकरणाकडे आपण देशभक्तीची पहिली पायरी म्हणून पाहतो, व ते खरेही आहे. सुटून आल्यावर दोघांचे जंगी स्वागत झाले. परंतु लेखापरीक्षकाच्या नजरेला यात आणखी एक गोष्ट दिसते. हेतू शुद्ध, भावना उदात्त, लोकमत पूर्णपणे पाठीशी. आणि व्हाउचर खोटे! जे खरे असावे असे मनापासून वाटत होते, ते सांगणारा कागद हाती येताच तो खरा मानला गेला. विश्वास प्रामाणिक असला म्हणजे तो बरोबर असतोच असे नाही, हा धडा विद्वानांना ग्रंथांतून मिळतो. आगरकरांना तो कोठडीत मिळाला. पुढील आयुष्यात त्यांनी प्रत्येक समजुतीचा दाखला इतक्या कठोरपणे का तपासला, याचे मूळ आम्ही स्पेन्सरच्या पोथ्यांइतकेच डोंगरीच्या भिंतींत शोधतो. हे आमचे अनुमान आहे, अनुमान म्हणूनच वाचकांनी ते घ्यावे. पण एक योगायोग नोंदविल्यावाचून राहवत नाही. तुरुंगात आगरकर ‘हॅम्लेट’चे भाषांतर करीत होते, तेच पुढे ‘विकारविलसित’ या नावाने १८८३ साली प्रसिद्ध झाले. त्या नाटकाचा नायक तरी काय करतो? बापाच्या भुताने येऊन खुनाची हकीकत सांगितली, तरी भुताच्या साक्षीवर तलवार उपसण्यास त्याचे मन घेत नाही. दरबारात नाटकाचा प्रयोग लावून चुलत्याच्या चेहऱ्यावर उमटणारा पुरावा तो शोधू पाहतो.

कोठडीत टिळक व आगरकर रात्र रात्र वाद घालीत. आधी समाज सुधारावा की आधी स्वराज्य मिळवावे, या वादाचे बी तेथेच रुजले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज निघाले, तरी ती भेग बुजली नाही. १८८७ साली आगरकरांनी केसरी सोडला आणि १५ ऑक्टोबर १८८८ रोजी ‘सुधारक’ काढला. इंग्रजी बाजू काही काळ तरुण गोपाळराव गोखल्यांनी सांभाळली.

सुधारकातील आगरकर पुष्कळांना नास्तिक वाटले. आमच्या मते हा शब्द नेमका नाही. आमच्या खात्यात एक रीत आहे. एखाद्या रकमेस व्हाउचर नसेल, तर ती खाल्ली गेली असे आम्ही एकदम म्हणत नाही व ती मान्यही करीत नाही. ती आक्षेपाधीन ठेवतो. पुरावा आला की नोंद मिटते, नाही तर वर्षानुवर्षे तशीच उभी राहते. ईश्वराच्या बाबतीत आगरकरांनी हेच केले. विश्वाच्या मुळाशी काय आहे ते मनुष्याच्या बुद्धीस आजवर कळलेले नाही, आणि जे कळलेले नाही त्याचा रंग, रूप, आवडीनिवडी व नैवेद्य मात्र निश्चित सांगता येतात, हे त्यांना पटेना. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर हेही सुधारकच. पण ते प्रार्थनासमाजाचे. मूर्ती नको, मध्यस्थ नको, परंतु दयाळू ईश्वर हवा, येथे ते थांबले. आगरकरांनी मूर्तीला जो प्रश्न केला तोच त्या निराकारालाही केला. त्यामुळे सनातनी तर दुरावलेच, पण सुधारकांच्या मेळाव्यातही ते एकटेच राहिले.

हा सारा रिकाम्या वेळचा तत्त्वविचार असता, तर पुण्याने त्यांना हसून सोडून दिले असते. पण आगरकरांना दिसले, की देवाविषयीच्या निराधार समजुतींच्या पाठीवर बसून माणसांविषयीच्या निराधार समजुती घरात शिरतात. विधवेचे केस काढले नाहीत तर परलोकी पतीचे अकल्याण होते, याचा पुरावा काय? मुलीचे लग्न ऋतुप्राप्तीपूर्वी झाले नाही तर पितरांना अधोगती, याचा पुरावा काय? १८९० साली कलकत्त्यात फुलमणी नावाची कोवळी मुलगी नवऱ्याच्या बळजबरीने मरण पावली आणि संमतिवयाच्या विधेयकाचा वाद पेटला. दोन्ही बाजूंचे पंडित शास्त्रवचने उकरू लागले. रानड्यांसारख्यांनाही सुधारणेला शास्त्राचा टेकू शोधणे सोयीचे वाटे. आगरकरांनी ती वाटच सोडली. मुलीच्या देहाला होणारी इजा हाच पुरावा, पोथीत काहीही असो, अशी त्यांची भूमिका होती. १८९१ च्या मार्चमध्ये कायदा होऊन संमतीचे वय दहाचे बारा झाले. आज दहा व बारा हे आकडे वाचूनच अंगावर काटा येतो. त्या काळी बारा या आकड्यावर धर्म बुडाल्याची ओरड झाली.

या लिखाणाबद्दल पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढण्यात आली. कॉलेजातून फावल्या वेळात लेख लिहिणाऱ्या, दम्याने जर्जर झालेल्या माणसाला आपलाच पुतळा तिरडीवरून जाताना पाहावा लागला. तिरडीवर पुतळाच होता, एवढेच समाधान. आमच्या हयातीत तेवढेही उरले नाही. साताऱ्याचेच डॉ. नरेंद्र दाभोलकर, ज्यांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापिली, त्यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या घालून खून झाला. दोन वर्षांनी धारवाडात प्राध्यापक कलबुर्गींचाही त्याच रीतीने. आपल्या बंगळुरात बंगळूर विद्यापीठाचे कुलगुरू डॉ. एच. नरसिंहय्या यांनी १९७६ साली चमत्कारांच्या तपासणीसाठी समिती नेमली होती. आमच्या लहानपणी वडील आणि त्यांचे कारखान्यातील मित्र त्या समितीवरून तावातावाने भांडत, ते आम्हांला अंधूक आठवते. खादीचा सदरा व टोपी घालणारे ते भौतिकशास्त्रज्ञ २००५ साली शांतपणे निवर्तले, हे त्यांचे आणि शहराचेही भाग्यच म्हणावयाचे.

आगरकरांचे सारेच हिशेब चोख होते असे मात्र नाही, आणि त्यांच्यावर लिहिताना ते लपविणे त्यांनाच रुचले नसते. देवतांची उत्पत्ती कशी झाली, यावर त्यांनी जे विवेचन केले त्यात बहुतांशी स्पेन्सर आहे : रानटी मनुष्याला स्वप्ने पडली, मेलेले आप्त त्यांत दिसले, त्यांतून भुते आली, भुतांतून देव आले. वाचताना हे पटत जाते. पण त्याचा पुरावा म्हणजे दूरदूरच्या बेटांवरून प्रवाशांनी व मिशनऱ्यांनी आणलेल्या ऐकीव कथा. पुढच्या पिढीच्या मानवशास्त्रज्ञांनी त्या सिद्धांताला सरळ बाजूला सारले. पुण्याच्या भटजीला दाखला मागणाऱ्या आगरकरांनी लंडनच्या पंडिताला तो तितक्याच निष्ठुरपणे मागितला नाही. त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभराने अमेरिकेत विल्यम जेम्सने आणखी एक अडचण पुढे केली : काही निर्णय असे असतात, की पुराव्याची वाट पाहत बसणे हाही एक निर्णयच ठरतो. या आक्षेपाला आगरकर काय म्हणाले असते, असे आमच्या मनात पुष्कळदा येते, कारण त्याच अडचणीत आम्ही एकदा सापडलो होतो.

आमच्या मातोश्री येथील एका रुग्णालयात शेवटच्या दुखण्याने पडून होत्या. डॉक्टरांनी आशा सोडली होती. एका नातलगांनी कोठल्याशा बाबांचा अंगारा आणून आमच्या हाती दिला. त्या दिवशीच आम्ही एका फाइलीवर साडेचारशे रुपयांची पावती नाही म्हणून आक्षेप लिहून आलो होतो. अंगाऱ्याची पुडी हातात धरून आम्ही बराच वेळ खिडकीशी उभे राहिलो, आणि शेवटी आईच्या कपाळी अंगारा लावला. आईला बरे वाटले की नाही ते कळले नाही; आम्हांला मात्र वाटले. चौथ्या दिवशी ती गेली. आम्ही केले ते चूक होते असे आम्हांला आजही म्हणवत नाही, आणि बरोबर होते असे म्हणण्यास हाती काही नाही. ती नोंद आक्षेपाधीनच आहे.

म्हणून आगरकरांची अखेरची वर्षे आम्ही पुन्हा पुन्हा वाचतो. १८९२ साली वामन शिवराम आपटे वारल्यावर ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. दमा वाढत होता. रात्र रात्र बसून काढावी लागे, घरात लहान मुले, गाठी पैसा नाही. श्वास न पुरणारा माणूस देवाचा धावा करतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. अशा वेळी एखादा शब्द मागे घेतला असता, तर पुण्याने आनंदाने पोटाशी धरले असते. त्यांनी तो घेतला नाही. देवावर विश्वास नसेल तर मनुष्य स्वैर होतो, नीतीला आधार उरत नाही, असे त्यांचे विरोधक म्हणत. त्यांच्या आयुष्यात स्वैरपणाचा एक दाखला मात्र त्यांना सापडला नाही. एका माणसाच्या सचोटीने सिद्धांत सिद्ध होत नाही, हे आगरकरांनीच प्रथम सांगितले असते. पण विरोधकांचे विधान सरसकट होते, आणि सरसकट विधान खोडण्यास एक उदाहरण पुरते.

आणि त्याच घरात यशोदाबाई होत्या. १८७७ साली लग्न होऊन आलेल्या, जुन्या वळणाच्या, देवधर्म करणाऱ्या. ज्यांच्या लेखणीने पुण्यातील देवघरे हादरत होती, त्यांच्या स्वतःच्या घरात व्रते होत, उपवास होत, सोवळे पाळले जाई, आणि आगरकर त्यांत आडवे येत नसत. काही टीकाकारांना ही विसंगती वाटली. आम्हांला ती त्यांच्या मताची खरी कसोटी वाटते. जे मत पुराव्याने पटलेले नाही ते पतीच्या धाकाने धरावे, असे त्यांनी बायकोला सांगितले असते, तर शास्त्रीबुवांत व त्यांच्यात फरक तो काय उरला असता? हा विचार आम्हांला आमच्या घरी लागू करावयास बरीच वर्षे लागली, आणि तोही उलट बाजूने : आमचा मुलगा आता आरतीस उभा राहत नाही; प्रसाद मात्र घेतो.

१७ जून १८९५ रोजी, वयाला एकोणचाळीस वर्षेही पुरी झाली नसता, आगरकर वारले. उशाशी एक पुरचुंडी सापडली असे सांगतात. आपल्या दहनाचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी थोडे रुपये तीत बांधून ठेवले होते. केसरीतील मृत्युलेख टिळकांनी स्वतः लिहिला. सात-आठ वर्षे ज्यांच्यावर लेखणीने वार केले व ज्यांचे वार घेतले, त्या मित्रावर लिहिताना त्यांना रडू आवरेना, आणि एरवी झरझर लिहिणाऱ्या त्या माणसाला तेवढा एक लेख पुरा करण्यास कितीतरी वेळ लागला.